मुशीखालचा विस्तव

आमच्या बहुतेक वाचकांच्या देवघरांत रांगता बाळकृष्ण असेल, पितळेची घंटा असेल, आणि समई तर असेलच. या वस्तू कोणीं ओतल्या हें आपण क्वचित् विचारतों. कोणत्या साच्यांत ओतल्या हें त्याहूनहि क्वचित्. आणि त्यांचा रस व्हावा म्हणून मुशीखालीं काय जाळलें हें तर मुळींच विचारीत नाहीं. मूर्तीचा इतिहास लिहिणारे शैली पाहतात, नाण्यांचा लिहिणारे लेख वाचतात, तोफांचा लिहिणारे लढाया मोजतात. विस्तवाची मात्र राख होते, आणि राखेची बखर लिहिण्याची कोणास हौस नसते. तथापि ओताऱ्याचें पोटपाणी, त्याचीं फुप्फुसें आणि त्याच्या गांवाभोंवतालचें रान या तिहींचा निकाल शतकानुशतकें या विस्तवानेंच लावला आहे.

हल्लीं हा जुना प्रश्न नव्या वेषांत पुढें आला आहे. दगडी कोळसा, कोक व भट्टीचें खनिज तेल यांचा धूर लोकांस नकोसा झाला असून, लहान प्रमाणावर ओतकाम करणाऱ्यांनीं झाडांच्या बियांचें किंवा एकदां वापरून टाकलेलें तेल जाळावें, अशी सूचना जगभर होऊं लागली आहे. सूचना चांगली आहे. पण ‘तेल’ हा शब्द फार गुळगुळीत आहे. कोणतें तेल, कोठून आणलेलें, आणि जाळलें नसतें तर तें कोणाच्या उपयोगीं पडलें असतें, एवढे तीन प्रश्न विचारल्यावांचून या सूचनेस किंमत येत नाहीं. हे प्रश्न आकाशांतून विचारण्यापेक्षां एखाद्या गांवांत उभें राहून विचारावे, म्हणून आम्ही कळमनुरी हें गांव निवडलें आहे.

कळमनुरी हें हिंगोली जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत, परभणी जिल्ह्यांत होता; १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत, आणि १ मे १९९९ रोजीं हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तालुक्यांतून कयाधू वाहते, आणि पैनगंगेवरचें इसापूरचें धरण त्याच्या सीमेवर आहे. शेतांत कापूस, ज्वारी, हळद, करडई, आणि अलीकडे सर्वत्र दिसणारें सोयाबीन. कोळशाची खाण जवळ नाहीं, बंदर तर नाहींच. जळाऊ वस्तु येथें एकतर शेताच्या बांधावर उगवते किंवा गाडींतून विकत येते. अशा गांवीं जें ओतकाम चालूं शकतें तें लहानच असणार: पंपाचें एखादें झाकण, एखादी पितळी बुशी, मोडीच्या भांड्यांचें ॲल्युमिनियम वितळवून केलेले नग. मोठ्या कारखान्यास इंधनाचा तज्ज्ञ ठेवतां येतो. येथें ओतारी स्वतःच तज्ज्ञ, आणि इंधन चुकलें तर खोट त्याच्याच पदरीं.

या भोंवतालच्या प्रदेशांत धातु ओतण्याची विद्या मात्र फार जुनी आहे. प्रवरेकांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं हत्ती, गेंडा, महिष आणि बैलांचा रथ असे चार भरीव ओतीव नग सांपडले. त्यांचें एकत्र वजन साठ किलोंहून अधिक भरलें, आणि त्यांचा काळ हडप्पा संस्कृतीच्या उत्तरार्धाचा मानण्याकडे अनेक विद्वानांचा कल आहे. पुढें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें आपल्या मानसोल्लास ग्रंथांत मेणाची प्रतिमा करून, तिजवर मातीचे लेप देऊन, मेण वितळवून काढून त्या पोकळींत रस ओतण्याची रीत सविस्तर सांगितली आहे. मेणाचें वजन करून त्यावरून लागणाऱ्या धातूचें वजन कसें काढावें याचें प्रमाणहि त्यांत दिलें आहे. कल्याणी म्हणजे हल्लींचें बसवकल्याण कळमनुरीच्या दक्षिणेस, तिच्या शेजारींच बेदर. आणि बेदरच्या बिदरी कामांत जस्त व थोडें तांबें यांचा मिश्रधातु अद्यापि साच्यांत ओतला जातो. पूर्वेकडे, गोदावरीच्या पलीकडील कोनसमुद्रम येथें मुशींत पोलाद होत असे. त्याच्या खरेदीसाठीं इराणांतून व्यापारी येत. हेन्री व्हॉयसी या इंग्रज संशोधकानें त्या कृतीचें केलेलें वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १८३२ सालीं प्रसिद्ध झालें.

या सर्व कामांचें मुख्य इंधन एकच, लांकडाचा कोळसा. कोळशाचे गुण ओताऱ्यास चांगले ठाऊक होते. त्यांत गंधक जवळजवळ नाहीं. भात्याचा वारा मिळाला कीं तो पितळच काय, तांबेंहि सहज वितळवितो. त्याची ज्योत जवळजवळ कोरडी असते. या कोरडेपणाचें महत्त्व आम्ही पुढें सांगणार आहों. पण त्याची किंमत रानानें दिली. मातीच्या आव्यांत एक किलो कोळसा पाडावयास चार ते पांच किलो लांकूड खर्चीं पडतें. विजापुरास असलेली मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ सालीं अहमदनगर येथें महंमद नांवाच्या एका रूमी, म्हणजे तुर्की, ओताऱ्यानें ओतली. तिचें वजन सुमारें ५५ टन. तिच्या मिश्रधातूचा एक किलो रस करण्यास सुमारें १४० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि उघड्या भट्टींत शंभरांतील पांच भाग उष्णताच धातूस पोंचते असें धरल्यास या एका तोफेस बावीस टन कोळसा, म्हणजे शंभर टनांच्या घरांत लांकूड, लागावयास हवें. हा आमचा अंदाज आहे, दप्तरांतला आंकडा नव्हे. परंतु साधा गुणाकार करून पाहिला कीं तोफ ज्या किल्ल्यावर चढली त्याच्या भिंतींपेक्षां ती ज्या डोंगरावरून उतरली त्याची आठवण अधिक होते.

मग एवढा काळ तेल कोठें होतें? तें कारखान्यांत होतेंच, फक्त मुशीखालीं नव्हतें. बिदरीचा साचा ज्या मातीचा करतात तींत एरंडेल आणि राळ मिसळतात, म्हणजे माती चिकटून राहते आणि रस आंत सुबक बसतो. युरोपीय पद्धतीच्या ओतकामांत पोकळ भागासाठीं वाळूचा जो गाभा करतात त्यांत जवसाचें तेल घालून तो भाजीत, कारण जवसाचें तेल वाऱ्यावर व उष्णतेनें सुकून चिवट पापुद्रा धरतें. हा गुण आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. गाभ्यांत जें तेल वाखाणलें जातें तेंच तोटींत गेलें तर शिव्या खातें. याखेरीज तेलाचें मोठें काम दिव्यांत होतें. करंजाचें तेल कडू व उग्र, खाण्यास निरुपयोगी. म्हणून तें गरिबाच्या पणतींत जळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रॉकेल आलें, — ‘रॉक ऑइल’चें हें आपलें घरगुती रूप, — आणि पणतींतील करंजाची नोकरी गेली. एरंडेलास मात्र नव्या नोकऱ्या मिळाल्या. एरंडाच्या पिकांत हैदराबाद संस्थान हिंदुस्थानांत अग्रेसर होतें. एरंडेल आगगाड्यांच्या कण्यांस वंगण म्हणून लागे, आणि पहिल्या महायुद्धांत कांहीं विमानांच्या एंजिनांतहि तेंच वापरलें जाई.

तेलानें यंत्र चालवावें, ही कल्पनाहि समजतों तितकी नवी नाहीं. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत रुडॉल्फ डीझेल याच्या पद्धतीचें एक लहान एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें. ज्या वसाहतींत कोळसा नाहीं पण शेंगा आहेत तेथें हा शोध उपयोगीं पडेल, असा त्यामागें हेतु होता. पुढें खनिज तेल इतकें स्वस्त झालें कीं शेंगा पुन्हां चिवड्यांत गेल्या, व तें योग्यच झालें असें आम्हांस वाटतें.

महायुद्धांनीं मात्र या प्रश्नाची आठवण दोनदां करून दिली. १९१० सालीं औंध संस्थानांत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगरांचें ओतकाम तेथें जोरांत आलें न आलें तोंच पहिलें महायुद्ध सुरू होऊन परदेशचें कच्चें लोखंड मिळेनासें झालें. तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. ही गोष्ट आपण अभिमानानें सांगतों, व सांगावीहि. तींत आमच्या विषयापुरतें तात्पर्य इतकेंच कीं ओतशाळेचा कारभार बहुधा टंचाईनें ठरविला आहे, तत्त्वानें नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल मोजून मिळूं लागलें, तेव्हां पाठीवर कोळशाच्या गॅसची टाकी घेतलेल्या मोटारी महाराष्ट्रांतील रस्त्यांवर धावूं लागल्या. त्याच काळांत, १९४२ सालीं, लाल चंद वर्मन प्रभृति संशोधकांनीं हिंदी वनस्पतितेलें डीझेल एंजिनांत जाळून त्यांचे गुणावगुण प्रसिद्ध केले. युद्ध संपलें, तेल पुन्हां आलें, आणि ते निबंध कपाटांत गेले.

त्यानंतर आला खनिज तेलाचा सुकाळ. १९५४ व १९५५ सालीं तुर्भ्यास दोन तेलशुद्धि-कारखाने सुरू झाले. कच्च्या तेलांतून पेट्रोल, रॉकेल, डीझेल काढून घेतल्यावर तळाशीं जो काळा, जाड, स्वस्त गाळ उरतो तोच ‘फर्नेस ऑइल’ म्हणून भट्ट्यांस मिळूं लागला. मुशीच्या भट्टीस हा मोठा आराम होता: कोळसा फोडावयास नको, राख काढावयास नको, वारा व तेल यांच्या चाव्या फिरवल्या कीं पाहिजे तेवढी आंच. परंतु या तेलांत शेंकडा चार भागांपर्यंत गंधक असतें. तें जळून जो तिखट वायु होतो तो ओताऱ्याच्या घशांत उतरे आणि उरला तर शेजाऱ्याच्या. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल अडविलें आणि तीन डॉलरांच्या आसपास असलेलें पिंप थोड्याच महिन्यांत अकरा-बारा डॉलरांवर गेलें; तेव्हां स्वस्ताईचाहि भरंवसा राहिला नाहीं. लोखंडाच्या ओतकामाची वाट वेगळी होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरांत, पुढें शिरोली व गोकुळ शिरगांव येथें, कोक जाळणारे उंच कपोले होते. त्यांतील पुष्कळांची जागा आतां विजेच्या भट्ट्यांनीं घेतली आहे.

धूर हा प्रश्न कायद्याच्या दारांत कसा गेला याचें प्रसिद्ध उदाहरण आग्र्याचें. तेथील ओतशाळांच्या कोक-कोळशानें ताजमहालाचा संगमरवर पिवळा पडतो, या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयानें ३० डिसेंबर १९९६ रोजीं निर्णय दिला आणि त्या परिसरांतील २९२ कारखान्यांस नैसर्गिक वायु घ्या अन्यथा स्थलांतर करा, असें फर्माविलें. आग्र्यास ताजमहाल होता म्हणून न्यायालयानें पाहिलें. गावोगांवच्या ओताऱ्यांच्या घरांत संगमरवर नाहीं, फक्त माणसें आहेत. शिवाय आग्र्यास वायूची नळी नेतां आली. जेथें नळी नाहीं तेथें काय? १९९८ सालीं हावड्यास टेरी या संस्थेनें दुहेरी वाऱ्याचा कपोला उभा करून कोकाची पुष्कळ बचत करून दाखविली. इंधन न बदलतांहि धूर कमी करतां येतो हें त्यावरून दिसलें. पण तीहि लोखंडाची गोष्ट, कळमनुरीच्या मुशीची नव्हे.

मुशीच्या जवळची गोष्ट आपल्याच फलटणची आहे. बी. व्ही. निंबकर यांनीं १९६८ सालीं तेथें स्थापन केलेल्या कृषि-संशोधन-संस्थेचें नांव करडईच्या वाणांसाठीं सर्वत्र झालें आहे. याच संस्थेंत अनिल राजवंशी व त्यांचे सहकारी यांनीं उसाचें पाचट व चिपाड यांच्यापासून जळाऊ वायु करणारें यंत्र बनविलें. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें एका धातु-कारखान्यांतील विशेष सिरॅमिक वस्तू भाजण्याची भट्टी, जी पूर्वीं हलक्या डीझेल तेलावर चाले, ती तीनशें तासांहून अधिक काळ केवळ या वायूवर चालविली, आणि माल पूर्वीपेक्षां उणा उतरला नाहीं. करडईची पारख असलेल्या माणसांनीं भट्टींत घातलें तें पाचट, करडईचें तेल नव्हे. ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

त्याच्या उलट उदाहरण मोगली एरंडाचें. २००३ सालीं नियोजन मंडळाच्या समितीनें पडीक जमिनीवर मोगली एरंड लावून देशास डीझेलचा पर्याय द्यावा, अशी भव्य योजना मांडली. लाखो हेक्टरांचे आंकडे कागदावर आले. परंतु ज्या जमिनीस ‘पडीक’ म्हटलें ती पुष्कळ ठिकाणीं गुरांची चराई निघाली, आणि पाण्यावांचून वाढणारें झाड पाण्यावांचून बीं मात्र धरीना. ज्यांनीं शेती सोडून हें लावलें त्यांच्या पदरीं फारसें कांहीं पडलें नाहीं. कर्नाटकांत उडिपी श्रीनिवास यांनीं याच सुमारास करंजाच्या तेलावर खेड्यांतील एंजिनें चालवून दाखविलीं, तो प्रयोग अधिक शहाणपणाचा होता. कारण करंज तेथें आधींपासून उभाच होता.

आतां कळमनुरीच्या ओताऱ्याचा हिशेब मांडूं. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें, पितळ सुमारें ९०० ते ९४० वर, तांबें १०८५ वर. एक किलो ॲल्युमिनियम थंड स्थितींतून ओतण्याजोगें करण्यास सुमारें २७० किलोकॅलरी पुरतात. परंतु साध्या उघड्या भट्टींत धातूपर्यंत दहावा हिस्साच पोंचतो, बाकी आकाशांत; म्हणून जाळावें लागतें २,७०० किलोकॅलरींचें इंधन. वनस्पतितेलाच्या एका किलोंत सुमारें ९,००० किलोकॅलरी असतात, डीझेलमध्यें त्याहून दहा-बारा टक्के अधिक. म्हणजे एका किलोस सुमारें तीनशें ग्रॅम तेल, आणि दहा किलोंच्या एका मुशीस तीन किलो.

तीन किलो ऐकावयास थोडे वाटतात. पण तें करडईचें आहे असें समजा. कोरडवाहू जमिनींत एकरीं अडीच क्विंटल करडई आली आणि तिचें शेंकडा तीस या दरानें तेल निघालें, तर पाऊणशें किलो झालें. एवढ्या तेलांत अडीचशें किलो ॲल्युमिनियम वितळेल. आहारशास्त्रज्ञ माणशीं वर्षास बारा किलो तेल पुरेसें मानतात. त्या मानानें हेंच पाऊणशें किलो सहा माणसांच्या कुटुंबाची वर्षाची फोडणी आहे. भारत आपल्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून आणतो. ज्या मराठवाड्यानें १९७२ चा दुष्काळ खडी फोडून काढला, त्या मराठवाड्यांत ताजें खाद्यतेल भट्टींत ओतावें असें आम्ही सुचवूं शकत नाहीं, मग त्याचा धूर चंदनासारखा कां असेना. शिवाय करडई आणि जवस हीं सुकणारीं तेलें. तीं तोटींत व नळींत चिकट लुकण धरतात, हें वर सूचित केलेंच आहे. एरंडेल सुकत नाहीं, परंतु इतकें जाड कीं तापविल्यावांचून सुटेना, आणि औषध-वंगणाच्या बाजारांत त्यास जो भाव मिळतो तो भट्टीस परवडणारा नव्हे.

राहिलीं तीन: मोटारींतून काढलेलें काळें तेल, तळणाचें टाकाऊ तेल, आणि करंजाचें. पहिलें सर्वांत स्वस्त, आणि म्हणूनच सर्वांत मोहक. गॅरेजच्या दारांत तें पिंपानें मिळतें, जळतेंहि जोरानें. पण एंजिनाच्या तेलांत जस्त, फॉस्फरस व गंधक यांचीं संयुगें मुद्दाम घातलेलीं असतात, व वापरांत झिजलेल्या धातूंचे कण त्यांत उतरतात. तीं जळून नाहींशीं होत नाहींत. धुरांतून जवळच्या माणसांकडे जातात. कायद्यानेंहि हें तेल घातक टाकाऊ पदार्थांत गणलें आहे, व तें परवानाधारक शुद्धीकरणवाल्यासच द्यावें असा नियम आहे. एखाद्या ओताऱ्यानें तें जाळलें तर त्याचा लोभ आम्हांस समजतो. पण त्यास ‘टाकाऊपासून टिकाऊ’ म्हणून वाखाणणारे जे लेखक आहेत त्यांचें आम्हांस नवल वाटतें, कारण त्यांस त्या भट्टीजवळ दिवसभर बसावयाचें नसतें.

तळणाचें तेल हें याहून कितीतरी भलें. त्यांत गंधक जवळजवळ नाहीं. १ जुलै २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणानें असा नियम केला कीं तळून तळून ज्यांतील ध्रुवीय संयुगें शेंकडा पंचवीसांहून अधिक झालीं तें तेल पुन्हां कढईंत घालूं नये. आणि असें तेल गोळा करून त्याचें जैवडीझेल करण्याची योजनाहि त्याच वर्षीं निघाली. नियम झाला म्हणून भजीवाल्याची कढई लगेच स्वच्छ होत नाहीं. काळवंडलेलें तेल एका गाड्यावरून दुसऱ्या, अधिक गरीब गाड्यावर जातें, आणि शेवटीं शाळकरी मुलाच्या वड्यांत. ओताऱ्यानें हें तेल दोन पैसे देऊन उचललें तर भट्टी तर पेटतेच, पण एक कढईहि सुटते. हेंच एक इंधन असें आहे कीं जें जाळल्यानें कोणाच्या तोंडचा घास जात नाहीं, उलट वाईट घास टळतो. अडचण एकच, तें गांवांत थोडें असतें. दहा-वीस गाड्यांच्या तेलावर रोजची भट्टी चालणार नाहीं.

म्हणून करंज. करंजाच्या बियांत शेंकडा सत्तावीस ते पस्तीस तेल असतें. साध्या घाणीवर पंचवीस पदरांत पडलें तरी तीन किलो तेलास बारा किलो बीं लागेल. पूर्ण वाढलेल्या झाडास वर्षाकांठीं नऊ किलोंपासून नव्वद किलोंपर्यंत बीं येतें, असें पुस्तकांत सांगितलेलें आढळतें. ज्या फळास दहापट फरकाची मुभा आहे त्याचा हिशेब खालच्या आंकड्यावरच करावा. तेव्हां झाडामागें बारा किलो धरूं: म्हणजे एका मुशीस एक झाड. वर्षांत दोनशें मुशी ओतणाऱ्यास दोनशें झाडें. तीं दहा-दहा मीटरांवर रस्त्याच्या दोन्ही अंगांस लावलीं तर एक किलोमीटरचा रस्ता पुरतो. शेत अडत नाहीं, गुरें त्याच्या पाल्यास सहसा तोंड लावीत नाहींत, आणि पेंड खत म्हणून शेतांत परत जाते.

पण तेल बदललें म्हणजे भट्टी स्वच्छ झाली असें नव्हे. सर्वांत अधिक घोटाळा येथेंच होतो. वनस्पतितेल डीझेलच्या दहापट जाड असतें, आणि दोनशें अंशांच्या वर गेल्यावांचून सहज पेट घेत नाहीं. थंड भट्टींत तें सोडलें तर जळण्याऐवजीं धुमसतें आणि डोळ्यांस झोंबणारा, घसा धरणारा धूर सोडतें. ज्या घरांत कढईंतलें तेल जळून गेलें आहे त्या घरास तो ओळखीचा असेल. म्हणून आधीं तेल कापडांतून गाळावें, दोन-चार दिवस निवत ठेवून तळाचें पाणी व गाळ काढावा; भट्टी लांकडानें किंवा थोड्या डीझेलनें तांबडी होईपर्यंत तापवावी, आणि मग सत्तर-ऐंशीं अंशांवर तापविलेलें तेल पंख्याच्या जोरकस वाऱ्याबरोबर बारीक धारेनें सोडावें. ज्योत पिवळी, लांब व काळ्या शेंड्याची दिसली तर वारा कमी पडतो. आणखी एक गोष्ट: तेलाच्या ज्योतींतून पाण्याची वाफ निघते, कोळशाच्या ज्योतींतून ती जवळजवळ नाहीं. वितळलेलें ॲल्युमिनियम या वाफेंतून हायड्रोजन शोषून घेतें, आणि थंड होतांना तो सुटून नगांत सुईच्या टोंकाएवढीं छिद्रें पडतात. जुन्या ओताऱ्याच्या कोरड्या विस्तवाची जी थोरवी वर सांगितली ती ही. तेल जाळणाऱ्यानें मुशीवर झांकण ठेवावें, रस जरुरीपेक्षां अधिक तापवूं नये, व झाला कीं लागलीच ओतावा. नाहींतर स्वच्छ धुराची भट्टी आणि मोडींत घालण्याजोगा माल, असा प्रकार व्हावयाचा.

पितळ ओतणाऱ्यास तर कोणतेंच तेल पूर्ण तारीत नाहीं. पितळांतील जस्त ९०७ अंशांवर उकळूं लागतें, आणि त्याचा पांढरा धूर, तेल खनिज असो कीं करंजाचें, मुशींतूनच निघतो. संध्याकाळीं येणारी हुडहुडी व ताप, जो सकाळपर्यंत उतरतो, तो या धुराचा. त्यास उपाय म्हणजे उंच धुराडें, मुशीवर झांकण व राखेचा किंवा कांचेच्या चुऱ्याचा थर, आणि वाऱ्याच्या पाठीशीं उभें राहणें. वीज हाताशीं असेल व भांडवल जमलें असेल तर ॲल्युमिनियमसाठीं विजेची लहान भट्टी या सर्वांहून निरुपद्रवी, हें कबूल केलें पाहिजे; मात्र महाराष्ट्राची पुष्कळशी वीज अद्यापि दगडी कोळशावरच होते, तेव्हां धूर नाहींसा न होतां दुसऱ्या गांवीं जातो.

राहतां राहिला खर्च. वर आम्ही धरलें कीं उष्णतेचा दहावा हिस्साच धातूस पोंचतो. भट्टीच्या आंत तापरोधक विटांचा जाड थर, वर झांकण, आणि बाहेर पडणाऱ्या आंचेवर पुढच्या खेपेचा माल व तेल तापविण्याची सोय, एवढें केलें तर हा हिस्सा दुप्पट होणें अशक्य नाहीं. तसें झालें कीं मुशीस दीड किलो तेल, वर्षास दोनशेंऐवजीं शंभर झाडें, आणि गांवांतील तळणाच्या तेलाचा वांटा मिळविल्यास त्याहूनहि कमी. म्हणून तेल निवडण्याच्या आधीं भट्टी बांधावी, असें आमचें मत आहे. गळक्या घागरींत गंगाजळ भरण्यांत अर्थ नसतो.

करंज लावल्यापासून पांच ते सात वर्षांनीं फळतो. तोंवर ओताऱ्यास डीझेल, तळणाचें तेल व सांपडेल तें लांकूड यांवर दिवस काढावे लागतील, आणि त्या मुदतींत त्याला उधार देणारा कोणी लागेल. शेंगा पिकून गळतात त्या उन्हाळ्याच्या तोंडीं, जेव्हां हळद काढून झालेली असते आणि रानांत मजुरीस काम नसतें. बीं वेंचणारीस किलोमागें काय मिळावें, घाणीवाल्यानें किती घ्यावें, आणि रस्त्याच्या कडेच्या झाडांचें बीं मुळांत कोणाचें, — बांधकाम खात्याचें, ग्रामपंचायतीचें कीं वेंचील तिचें, — हें ठरविण्याचें काम मात्र ओताऱ्याचें नाहीं. आणि तें ठरल्यावांचून पहिलें रोप कोणीं लावावें हाहि प्रश्न सुटत नाहीं.